दोन पॅकेटांच्या मधल्या जागेत काय घडतं?

वाचकांचे प्रश्न : नेटवर्क

या वेळी आलेली पत्रं वागळे इस्टेटपासून ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंतच्या पट्ट्यातली आहेत. जवळजवळ सगळ्यांचा रोख एकाच जागेकडे आहे: स्विचच्या (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी) चिपमधून बाहेर पडणारा पोर्ट. आत येणाऱ्या पॅकेटचा पत्ता कसा शोधला जातो याबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं, बाहेर जाणाऱ्या बाजूबद्दल फार थोडं. म्हणून हा अंक तिच्यासाठी.

प्रश्न (ऐरोली, डेटा सेंटरमधील रात्रपाळीच्या तंत्रज्ञ): आमच्या १० गिगाबिटच्या एका पोर्टवर रात्री दोन ते चार या वेळेत जवळपास काहीच जात नाही. दर ३० सेकंदांनी एक एलएलडीपी (शेजारच्या यंत्राला स्वतःची ओळख सांगणारं) पॅकेट, बस. तरी मॉड्यूलच्या (सिग्नल प्रकाशात बदलणारा भाग) पाठवणीचं वाचन उणे २.४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), आणि दिवसा भर गर्दीतही तेवढंच. डेटा नसताना हा प्रकाश कशाचा?

उत्तर: रिकाम्या वेळेच्या खुणांचा. त्यांना आयडल म्हणतात. रेल्वे स्थानकावरचा सरकता जिना आठवा: वर कोणी उभं नसलं तरी पायऱ्या सरकत असतात. तुमचा पोर्ट तसाच अखंड पाठवत असतो.

याचं कारण घड्याळात आहे. फायबरमधून घड्याळाची वेगळी तार जात नाही. समोरचा पोर्ट येणाऱ्या सिग्नलच्या चढउतारांवरूनच वेळ जुळवतो. चढउतार थांबले की ताल सुटतो, आणि पुढचं पॅकेट आल्यावर बिट कुठे सुरू झाला हेच त्याला कळत नाही. जुन्या १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये तार खरंच शांत राहायची. केबल जोडलेली आहे एवढं सांगायला साधारण १६ मिलिसेकंदांनी एक ठोका पडायचा. १०० मेगाबिटपासून पुढे मात्र पाठवणी सलग झाली. १ गिगाबिटच्या फायबरवर दहा-दहा बिटांच्या दोन अक्षरांची जोडी पुन्हा पुन्हा जाते. जोडीतलं पहिलं अक्षर के-२८.५. त्यातली बिटांची एक ओळ खऱ्या डेटात कधीच तयार होत नाही, त्यामुळे दहा बिटांची सीमा कुठे हे समोरच्याला त्यावरून सापडतं. १० गिगाबिटला ६६ बिटांचे ठोकळे असतात: पुढचे २ बिट ठोकळा डेटाचा की नियंत्रणाचा हे सांगतात आणि उरलेले ६४ बिट घुसळून पाठवले जातात. घुसळल्यामुळे एक आणि शून्य सरासरीने सारखेच पडतात. तुमचं वाचन दिवसरात्र एकसारखं दिसतं ते यामुळे.

आयडल हे पॅकेट नव्हे हे लक्षात ठेवा. त्याला पत्ता नसतो, सीआरसी (चूक पकडणारा तपासणी आकडा) नसतो, ते बफरमधून (पॅकेट थांबतात ती साठवण) येत नाही आणि कुठल्याही काउंटरमध्ये मोजलं जात नाही. पोर्टच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, पाठवायला काही नाही असं दिसलं की ते तिथेच तयार होतं.

याच मोकळ्या जागेचा रात्रपाळीत उपयोग होतो. १० गिगाबिटच्या पोर्टला सिग्नल नीट मिळत नसेल तर तो स्वतःकडे लोकल फॉल्ट नोंदवतो आणि उलट दिशेने आयडलच्या जागी रिमोट फॉल्टची खूण पाठवू लागतो. तुमच्या पोर्टवर रिमोट फॉल्ट दिसला, तर तुमच्या पाठवणीपासून समोरच्याच्या घेण्यापर्यंतचा धागा संशयित. लोकल फॉल्ट दिसला, तर उलट दिशेचा. दोन्ही धागे उपसण्याआधी एवढं पाहिलं तर निम्मं काम वाचतं.

प्रश्न (रबाळे, नेटवर्क अभियंता): पत्ता शोधून झाल्यावर पॅकेट चिपमध्ये नक्की कुठे थांबतं आणि वायरवर कसं पोचतं?

उत्तर: पॅकेटचा मजकूर सामाईक बफरमध्ये ठरावीक मापाच्या कप्प्यांत ठेवला जातो. रांगेत उभी राहते ती फक्त त्याची चिठ्ठी, म्हणजे पहिला कप्पा कुठे आहे त्याचा पत्ता. काही प्रचलित चिपमध्ये कप्पा २०८ बाइटचा असतो. ६४ बाइटचं पॅकेटही अख्खा कप्पा अडवतं, आणि २०९ बाइटचं दोन. म्हणून नुसत्या छोट्या पॅकेटांच्या गर्दीत १२ एमबीचा बफर प्रत्यक्षात ४ एमबीही भरत नाही. माहितीपत्रकातला आकडा वाचताना हे ध्यानात ठेवावं.

प्रत्येक पोर्टला साधारण ८ रांगा असतात, कारण व्हीलॅनच्या (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) टॅगमध्ये अग्रक्रमाला ३ बिट आहेत. कोणत्या रांगेची पाळी हे शेड्यूलर ठरवतो. कडक अग्रक्रमात वरची रांग रिकामी होईपर्यंत खालच्यांना काही मिळत नाही. भारित पद्धतीत प्रत्येकीला बाइटांचा वाटा असतो. पाळी आली की कप्पे वाचले जातात, मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता), टॅग, टीटीएल (उरलेल्या टप्प्यांची मोजणी) बदलतो, सीआरसी नव्याने काढला जातो आणि मजकूर पोर्टच्या छोट्या पाठवणी बफरमध्ये येतो. तिथे मॅक विभाग पुढे ८ बाइटची सुरुवात लावतो, फ्रेम (वायरवर जाणारं तयार पॅकेट) ६४ बाइटांपेक्षा लहान असेल तर भर घालतो आणि शेवटी किमान १२ बाइटांची मोकळी जागा सोडतो.

सगळ्यात नाजूक क्षण इथे येतो. फ्रेमचा पहिला बाइट वायरवर गेला की शेवटच्या बाइटपर्यंत खंड चालत नाही. मध्ये आयडल घुसलं की समोरचा ती फ्रेम मोडकी समजून टाकून देतो. याला अंडररन म्हणतात. म्हणूनच १ गिगाबिटवरून येऊन १० गिगाबिटवर जाणारं पॅकेट आधी पूर्ण साठवावं लागतं. येताना १५१८ बाइटला १२.१ मायक्रोसेकंद लागतात आणि जाताना १.२. अर्धवट आलं असताना पाठवायला सुरुवात केली तर मजकूर मध्येच संपेल. येण्याचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा कमी नसेल तरच डोकं आलं की पुढे ढकलायची कट-थ्रू पद्धत चालते.

प्रश्न (महापे, चाचणी विभाग): ६४ बाइटच्या पॅकेटांनी १० गिगाबिटचा पोर्ट भरला, तर स्विच ७.६ गिगाबिटच दाखवतो. स्विच कमी पडतोय का?

उत्तर: नाही, तो पूर्ण भरलेला आहे. ६४ बाइटच्या फ्रेमपुढे ८ बाइटची सुरुवात आणि मागे १२ बाइटची मोकळी जागा, म्हणजे वायरवर ८४ बाइट. ६४ भागिले ८४ म्हणजे ७६.२ टक्के. बरेच स्विच फक्त फ्रेमचे बाइट मोजतात. खात्री सेकंदाला किती पॅकेट यावरून करा: १,४८,८०,९५२ च्या आसपास आकडा असेल तर पोर्टने कमाल गाठली आहे. १ गिगाबिटवर आयपर्फ (वेग मोजणारा प्रोग्राम) ९४१ मेगाबिटवर थांबतं त्यामागेही हाच हिशेब आहे: १५३८ बाइटांच्या जागेत टीसीपीचा खरा मजकूर १४४८ बाइट.

प्रश्न (वागळे इस्टेट, कारखान्याच्या देखभाल विभागातून): २४ कॅमेरे १०० मेगाबिटच्या पोर्टवर, तिथून १ गिगाबिटचा अपलिंक, पुढे मुख्य स्विच आणि रेकॉर्डर. आलेखात अपलिंकचा भार २० टक्क्यांच्या वर जात नाही. तरी आउटपुट ड्रॉप रोज वाढतात आणि पडद्यावर चित्र फाटतं. केबल दोनदा बदलली.

उत्तर: केबलचा दोष नाही. केबल खराब असती तर सीआरसीच्या चुका वाढल्या असत्या. आउटपुट ड्रॉप म्हणजे पॅकेट चांगलं होतं, पण रांगेत उभं राहायला जागा मिळाली नाही.

आलेख ५ मिनिटांची सरासरी दाखवतो आणि तुमचा घोळ ३० मिलिसेकंदांत उरकतो. कॅमेरा मधूनमधून संपूर्ण चित्राची आय-फ्रेम पाठवतो, आणि ती इतर फ्रेमपेक्षा कितीतरी मोठी असते. ती १५० केबीची धरा. रेकॉर्डर रीस्टार्ट झाला की तो सगळ्या कॅमेऱ्यांकडे एकदमच आय-फ्रेम मागतो. सगळ्यांचं अंतर सारखं असेल तर नंतरही त्या हातात हात घालून येत राहतात. १०० मेगाबिटवर १५० केबीला १२ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात स्विचमध्ये २४ गुणिले १५०, म्हणजे ३.६ एमबी शिरतात. अपलिंक त्याच वेळात १.५ एमबी बाहेर काढतो. उरलेल्या २.१ एमबीला बफर हवा.

आता स्विचचं माहितीपत्रक काढा. छोट्या स्विचमध्ये बफर बहुधा मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो: ४ मेगाबिट म्हणजे अर्धा एमबी. आणि तोही एका रांगेला सगळा मिळत नाही. सामाईक बफर एकाच पोर्टने गिळू नये म्हणून चिप दर क्षणी हिशेब करते: आत्ता जेवढी जागा मोकळी, तिच्या आल्फा पट एका रांगेची मर्यादा. आल्फा १ असेल तर एकट्या रांगेला फार तर निम्मा बफर मिळतो, २ असेल तर दोन तृतीयांश. म्हणजे ४ एमबीचा स्विच आणला तरी आल्फा १ वर तुमचे २.१ एमबी जेमतेम मावत नाहीत, २ वर आरामात मावतात.

उपाय या क्रमाने करा. आधी कोणत्या रांगेत ड्रॉप होतात ते पाहा आणि स्विच रांगेची कमाल उंची दाखवत असेल तर तीही टिपून ठेवा. मग कॅमेऱ्यांकडे वळा, कारण तिथे खर्च शून्य आहे. कमाल बिटरेटला मर्यादा घाला आणि आय-फ्रेमचं अंतर सगळ्यांचं एकच ठेवू नका: काहींना ५० फ्रेम, काहींना ४८, काहींना ४६. मग त्या एकत्र येण्याची वेळ क्वचितच येते. एवढ्याने भागलं नाही तर अपलिंक १० गिगाबिटचा करा. २४ कॅमेरे मिळून २.४ गिगाबिटच देऊ शकतात, तिथे रांग लागणारच नाही. पण रेकॉर्डरचा पोर्ट १ गिगाबिटचा राहिला तर ड्रॉप मुख्य स्विचवर, रेकॉर्डरकडे बाहेर पडणाऱ्या पोर्टवर सरकतील. तोही वाढवावा लागेल.

दोन उपाय सुचवले जातात, ते जपून करा. व्हिडिओला वरचा अग्रक्रम देऊन इथे फायदा नाही, कारण सगळी गर्दी व्हिडिओचीच आहे. अग्रक्रमाने पाळी बदलते, बफर वाढत नाही. दुसरा उपाय पॉज फ्रेमचा. तिच्यातला वेळ ५१२ बिटांच्या मापात असतो. कमाल ६५,५३५ मापं, म्हणजे १ गिगाबिटवर ३३.५ मिलिसेकंद. तेवढा वेळ समोरचा पोर्ट त्या लिंकवरचा सगळा डेटा थांबवतो, आणि तुमच्या यंत्रांच्या नियंत्रणाची पॅकेट त्याच लिंकवर असतील तर तीही अडकतात. कारखान्यात हा धोका पत्करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (कळवा, केबल टीव्हीचा हेडएंड, म्हणजे चॅनेल गोळा करून पुढे पाठवणारं केंद्र): आमच्या ३८ मेगाबिटच्या प्रवाहात सुमारे १५ टक्के नल, म्हणजे रिकामी पॅकेट आहेत. ती स्विचमध्ये आयडलसारखी आपोआप गळत नाहीत का?

उत्तर: नाही. इथरनेटचं आयडल पॅकेटच नसतं, पण तुमची नल पॅकेट पूर्ण पॅकेट आहेत: १८८ बाइटची, पीआयडी (प्रवाहातला ओळख क्रमांक) ८१९१. मॉड्युलेटरला (प्रवाह टीव्हीच्या केबलवर चढवणारं यंत्र) ठरलेला वेग भरून काढता यावा म्हणून ती घातलेली असतात. अशी ७ मिळून १३१६ बाइट एका यूडीपी पॅकेटमध्ये जातात. स्विच यूडीपीच्या आत डोकावत नाही. त्याच्या लेखी नल आणि खरा मजकूर सारखाच, दोन्हींना बफर लागतो. ती गाळायची असतील तर पाठवणाऱ्या टोकाला गाळून मॉड्युलेटरकडे पुन्हा भरावी लागतील. तिथलं यंत्र पीसीआरच्या (प्रवाहातल्या घड्याळाच्या खुणा) वेळा नव्याने लिहू शकत असेल तरच हे करा. नाहीतर सेट टॉप बॉक्सचं घड्याळ बिघडतं, आणि आवाज आणि चित्र अडखळू लागतं. लिंक १ गिगाबिटची असेल तर ती राहू देणंच शहाणपणाचं.

प्रश्न (घणसोली, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी): एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) १० गिगाबिटचा पाठवणी भाग लिहिला आहे. ६४ बाइटला पूर्ण वेग मिळतो, ६५ बाइटला मिळत नाही. शिवाय दोन टोकांची घड्याळं वेगळी असतील तर डेटा का सांडत नाही?

उत्तर: ६५ अधिक सुरुवातीचे ८ अधिक मोकळे १२, म्हणजे ८५. पण १० गिगाबिटच्या ४ बाइट रुंद मार्गावर नवी फ्रेम पहिल्याच लेनवर, म्हणजे चारपैकी पहिल्या बाइटच्या जागी सुरू व्हावी लागते. तुमची रचना दर वेळी वर, म्हणजे ८८ कडे ढकलतेय. ३ बाइट फुकट, ३.४ टक्के तोटा. यासाठी मानकात तुटीची मोजणी दिली आहे. ० ते ३ चा एक छोटा मोजक ठेवा. मोकळी जागा १२ पेक्षा जितकी कमी दिली तितकी तूट त्यात जमा करा, जास्त दिली की तेवढी वजा करा. तूट ३ च्या वर जाणार असेल तरच वर ढकला. मग जागा कधी ११ बाइट, कधी १५, पण सरासरी १२ राहते. पहिल्या रचनेत हा मोजक बहुतेकांकडून सुटतो.

घड्याळांबद्दल: प्रत्येक टोकाला दशलक्षात १०० पर्यंत फरक चालतो, म्हणजे वाईटात वाईट स्थितीत दोघांमध्ये २००, म्हणजे ५००० बाइटला एक. १५३८ बाइटांत तो एक तृतीयांश बाइटही होत नाही, ९२१६ च्या जंबो फ्रेममध्ये दोनाच्या आत राहतो. हा फरक घेणाऱ्या बाजूचा लवचीक बफर सोसतो आणि फ्रेम संपली की मधली आयडल गाळून किंवा वाढवून हिशेब जुळवतो. फ्रेमच्या आतल्या बाइटला हात लागत नाही. म्हणून समोर पोचेपर्यंत मोकळी जागा आक्रसलेली असू शकते, आणि १० गिगाबिटच्या घेणाऱ्याला ५ बाइटपर्यंतची जागा चालवून घ्यावी लागते. तुमच्या घेण्याच्या भागाची चाचणी ५ बाइटवर नक्की करा. १२ वरच चाचणी घेतलेली रचना प्रयोगशाळेत चालते आणि खऱ्या स्विचला जोडली की फ्रेम गमावते.

प्रश्न (कोपरखैरणे, ध्वनिमुद्रण स्टुडिओ): नेटवर्कवरून येणाऱ्या ऑडिओत मधूनच टक् असा आवाज येतो. ड्रॉप शून्य.

उत्तर: पोर्टवरचं ऊर्जाबचतीचं इथरनेट आधी बंद करून पाहा. २०१० च्या ८०२.३एझेड मानकात पोर्ट रिकामा झाला की आयडल सलग पाठवायचं सोडून झोपतो, अधूनमधून ताजा सिग्नल देतो. माणूस आल्यावर वेग घेणाऱ्या जिन्यासारखं त्याला जागं व्हायला १ गिगाबिटच्या तांब्याच्या केबलवर १६.५ मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ पॅकेट थांबतं. फाइल पाठवताना हे जाणवतही नाही, पण घड्याळ जुळवणाऱ्या पीटीपीच्या पॅकेटला कधी हा उशीर होतो आणि कधी होत नाही, आणि तो डळमळीतपणा ऑडिओत उतरतो. स्विच आणि ऑडिओ यंत्र दोन्हीकडची सेटिंग पाहा.

प्रश्न (तुर्भे, गोदामाचा आयटी विभाग): एका स्विचच्या सहा पोर्टांवर सीआरसीच्या चुका दिसतात. सहाही केबल आणि मॉड्यूल बदलली, चुका तशाच.

उत्तर: सहा केबल एकाच वेळी बिघडणं अवघड. तुमच्या वाटेत कट-थ्रू स्विच आहे का ते पाहा. सीआरसी फ्रेमच्या शेवटी असतो. कट-थ्रू स्विचला चूक कळेपर्यंत फ्रेमचा बराचसा भाग पुढच्या वायरवर गेलेला असतो, परत बोलावता येत नाही. त्यातून बाहेर पडताना चिप सीआरसी नव्याने काढते. खराब फ्रेम तशीच पुढे गेली तर खराब मजकुरावर बरोबर सीआरसीचा शिक्का बसेल, आणि ती चूक कोणालाच सापडणार नाही. म्हणून चिप मुद्दाम उलटा सीआरसी लावते. याला स्टॉम्प म्हणतात. पुढचा स्विच ती चूक प्रामाणिकपणे स्वतःच्या पोर्टवर मोजतो, आणि तिथली केबल बिचारी बदलली जाते. ब्रॉडकास्ट फ्रेम असेल तर एकच चूक सगळ्या पोर्टांतून पसरते.

शोध मागच्या दिशेने घ्या. सगळ्या स्विचचे काउंटर एकाच वेळी शून्य करा आणि १५ मिनिटं थांबा. मग प्रत्येक स्विचवर येणाऱ्या बाजूचा सीआरसी पाहा. चिप स्टॉम्प केलेल्या फ्रेम वेगळ्या मोजत असेल तर काम सोपं: ज्या पोर्टवर सीआरसी वाढतो पण स्टॉम्प वाढत नाही, त्याच पोर्टची लिंक दोषी. वेगळी मोजणी नसेल तर ज्या स्विचच्या बाहेर जाणाऱ्या पोर्टांवर चुका आहेत, त्याच्या येणाऱ्या पोर्टांपैकी कुठे आहेत ते बघत एकेक पायरी मागे जा. साठवून पाठवणारा स्विच लागला की तिथे माग थांबतो, कारण तो खराब फ्रेम पुढे जाऊच देत नाही.

मूळ लिंक सापडली की लगेच बदलू नका. गोदामात धूळ आणि पुठ्ठ्याचा भुगा असतो. आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर तपासणीच्या सूक्ष्मदर्शीने पाहा, कोरड्या क्लीनरने पुसा, मॉड्यूलच्या आतलं तोंडही पुसा, आणि पुसण्याआधी आणि नंतर आलेल्या प्रकाशाचं वाचन लिहून ठेवा. वाचन सुधारलं आणि पुढच्या १५ मिनिटांत काउंटर हलला नाही, तर बदललेल्या सहा केबल परत वापरात घ्यायला हरकत नाही.